उपविजेत्याचे मोठेपण

खेळाडूचे आयुष्य मोजण्याचे आपले माप फार तोकडे आहे. विजेत्याचे नाव आपण फलकावर कोरतो आणि उपविजेत्याचे नाव वर्षभरात विसरतो. हे माप किती अन्यायकारक आहे, याची प्रचिती ऑस्ट्रेलियाच्या एडी चार्लटन यांच्या चरित्रातून येते.

चार्लटन यांचा जन्म १९२९ साली न्यू साउथ वेल्समधील न्यूकॅसलनजीकच्या मेरेवेदर येथे झाला. हा सारा परिसर कोळशाच्या खाणींचा. त्यांनी स्वतः अनेक वर्षे खाणीत काम केले. पण खाणीने त्यांचे मैदान हिरावून घेतले नाही. क्रिकेट, फुटबॉल, रग्बी लीग, समुद्राच्या लाटांवरील सर्फिंग असे नाना खेळ ते खेळले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची ज्योत वाहून नेणाऱ्या धावपटूंमध्येही ते होते. पुढे १९६० च्या दशकात ते स्नूकरचे व्यावसायिक खेळाडू झाले आणि जगाने त्यांना ओळखले ते याच खेळामुळे.

स्नूकरचा आपल्या भूमीशी जुना संबंध आहे. १८७५ साली जबलपूर येथे इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने हा खेळ रचला, असे मानले जाते. म्हणजे त्याचा जन्म सत्ताधाऱ्यांच्या फावल्या वेळात झाला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७५ साली, मेलबर्न येथे जागतिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना रंगला. एका बाजूला चार्लटन होते, तर दुसऱ्या बाजूला वेल्सचे रे रिअर्डन. रिअर्डन हेही चौदाव्या वर्षी खाणीत उतरलेले. साहेबांच्या मेसमधला खेळ शतकभरात श्रमिकांच्या हाती आला होता. हे परिवर्तन इतिहासाच्या अभ्यासकाला त्या सामन्याच्या निकालाहून मोठे वाटते.

निकाल मात्र चार्लटन यांच्यासाठी कठोर ठरला. २९–२३ अशी आघाडी घेतल्यावर विजेतेपद केवळ दोन फ्रेम दूर होते. तेथून रिअर्डन यांनी सलग सात फ्रेम जिंकल्या. चार्लटन यांनी ३०–३० अशी बरोबरी साधली. पण शेवटची फ्रेम रिअर्डन यांची ठरली. त्याआधी १९७३ मध्येही अंतिम सामन्यात ते रिअर्डन यांच्याकडूनच ३८–३२ असे हरले होते. जागतिक अजिंक्यपद त्यांना कधीच लाभले नाही.

म्हणून ते अयशस्वी ठरतात काय? बीबीसीवरील 'पॉट ब्लॅक' ही लोकप्रिय स्पर्धा त्यांनी १९७२, १९७३ आणि १९८० अशी तीनदा जिंकली. त्यांचा खेळ दिपवून टाकणारा नव्हता. तो संयमी होता, काहींना कंटाळवाणाही वाटे. पण त्याच संयमाच्या बळावर ते १९९२ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, जागतिक स्पर्धेत उतरले. जॉन पॅरट यांनी त्यांना १०–० असे हरवले. या आकड्याची काहींनी थट्टा केली असेल. मला मात्र त्यात बासष्टाव्या वर्षीही स्पर्धेत उभे राहण्याचे धैर्य दिसते. २००४ साली त्यांचे निधन झाले.

आपल्या निवासी विद्यालयाच्या या स्मरणिकेतून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना हेच सांगावयाचे आहे. दहावीचे वर्ष आले की मुलांचे खेळ बंद करावेत, अथवा पदक आणू शकतील अशा निवडक मुलांवरच खर्च करावा, असा सूर अलीकडे सर्वत्र ऐकू येतो. हा विचार मला मान्य नाही. ज्यांच्या पूर्वजांना सार्वजनिक पाणवठाही मोकळा नव्हता, त्यांच्या लेकरांसाठी खुले मैदान ही चैन नव्हे. तो हक्क आहे. मैदानात उतरणाऱ्या शंभर मुलांपैकी नव्व्याण्णव कोठेतरी हरणारच. त्या नव्व्याण्णवांना हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळावयास येण्याचे बळ मिळते की नाही, यावरच शाळेच्या क्रीडाशिक्षणाची परीक्षा व्हावयास हवी.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला चषक जरूर द्यावेत. पण त्याआधी चेंडू द्यावेत, जाळी द्यावी, मैदान सपाट करून द्यावे. चषक एकाच्या हाती जातो, मैदान सर्वांच्या वाट्याला येते.