समितीचा फलक आणि मुकादमाची उचल

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या छळाचा विषय निघाला की आपल्या कार्यकर्त्यांतही एक ठरीव उत्तर ऐकू येते. कायदा झाला आहे, समित्या आहेत. आपण आधी मजुरीचा प्रश्न हाती घेऊ. हे उत्तर दोन्ही अंगांनी चुकीचे आहे. कायदा झाला हे खरे. परंतु ज्यांच्या दुःखातून तो जन्मला त्यांच्यापर्यंत तो पोचलेला नाही. आणि छळाचा प्रश्न मजुरीच्या प्रश्नाहून वेगळा आहे, हे तर मुळीच खरे नाही.

या कायद्याचे मूळ कोणत्याही वातानुकूलित कचेरीत नाही. राजस्थानातील भटेरी गावची भंवरीदेवी ही कुंभार समाजातील स्त्री सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमात अल्प मानधनावर 'साथिन' म्हणून काम करीत होती. बालविवाह रोखणे हा तिच्या कामाचा भाग होता. ते काम तिने केले म्हणून १९९२ साली गावातील वरिष्ठ जातीच्या पुरुषांनी तिच्यावर बलात्कार केला. १९९५ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. स्त्री-संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि १९९७ साली 'विशाखा' निकालातील मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांचे कायद्यात रूपांतर व्हायला २०१३ साल उजाडले. म्हणजे खेड्यातल्या एका मानधनी कामगार स्त्रीने किंमत मोजली, आणि त्याचे फळ, जे काही मिळाले ते, प्रामुख्याने शहरातील कायम नोकरदार वर्गाला मिळाले.

आता आपल्या राज्यातील ऊसतोडणीकडे पाहा. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे साखरपट्ट्यात उतरतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. उचल नवऱ्याच्या हाती पडते, हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो आणि बाईचे नाव कोठेच नसते. ती पहाटे अंधारात फडात जाते, मोळ्या डोक्यावरून वाहते, रात्री दार नसलेल्या कोपीत झोपते. खाडा झाला की दंड. या खाड्याच्या भीतीपोटी मासिक पाळीची आणि बाळंतपणाची कटकट नको म्हणून गर्भाशये काढून टाकण्यापर्यंत मजल गेली. २०१९ साली हा विषय विधिमंडळात गाजल्यावर बीड जिल्ह्यात झालेल्या सरकारी पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. अशा स्त्रीवर मुकादमाने हात टाकला तर तिने कोणाकडे जावे? ज्याच्या वहीत तिच्या नवऱ्याच्या नावावर फिटता न फिटणारी उचल आहे, तोच तिचा मालक, तोच सावकार, आणि पुढच्या हंगामात काम द्यायचे की नाही हे ठरवणाराही तोच.

कायद्याच्या कागदावर ही स्त्री आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. कंत्राटदारामार्फत कामावर घेतलेली, मूळ मालकाला ठाऊक नसलेली, असंघटित क्षेत्रात राबणारी अशी प्रत्येक स्त्री कायद्याच्या व्याख्येत येते. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणांसाठी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असल्यास, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तालुक्याला एक समन्वय अधिकारी नेमावा आणि त्याने सात दिवसांत तक्रार समितीकडे पोचवावी, असेही कलम आहे. तरतूद उत्तम आहे. परंतु गोव्यातील एका विद्यापीठीय प्रकरणातून उभ्या राहिलेल्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे कायदा लागू झाल्यावर तब्बल ११ वर्षांनी, राज्यांना मुदत घालून सांगावे लागले की जिल्हा अधिकारी नेमा, स्थानिक समित्या स्थापन करा! शिवाय तक्रारीची मुदत तीन महिन्यांची. फार तर आणखी तीन महिने समितीच्या मर्जीवर. कोल्हापूरच्या फडात नोव्हेंबरात अत्याचार झालेली बाई हंगाम संपवून गावी परतते तेव्हा पहिली मुदत उलटून गेलेली असते.

उद्योगपतींच्या गोटातून यावर एक 'अर्थशास्त्रीय' आक्षेप घेतला जातो. अशा कायद्यांनी स्त्रियांना कामावर घेणे महाग पडते, सबब त्यांचाच रोजगार घटतो, असा तो आक्षेप. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला या युक्तिवादाची गंमत वाटते. छळाचा खर्च कायद्याने निर्माण होत नाही, तो आधीपासून चालूच असतो. काम सोडून घरी बसलेली बाई तो भरते, लांबची चांगल्या मजुरीची नोकरी नाकारणारी मुलगी तो भरते. कारखान्याने मळी ओढ्यात सोडावी आणि खालच्या गावाने ते पाणी प्यावे, त्यातलाच हा हिशेब. कायदा एवढेच म्हणतो की खर्च ज्याने निर्माण केला त्याच्या खात्यावर मांडा. आणि मांडतो तरी किती? कायदा मोडणाऱ्या मालकाला पहिल्या वेळी दंड जास्तीत जास्त ५० हजार रुपये. साखर कारखान्याच्या ताळेबंदात ही रक्कम शोधायला भिंग लागेल.

जेथे समित्या आहेत तेथे तरी काय घडते? मी स्वतः काही वर्षे एका महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीवर होतो. भिंतीवर फलक होता, वर्षाला एक व्याख्यान होत असे. हंगामी नेमणुकीवरील एका प्रयोगशाळा सहायिकेने तक्रार दिली आणि पंधरा दिवसांत मागे घेतली. जूनमधील तिच्या फेरनेमणुकीच्या कागदावर ज्याची सही लागणार होती, तोच तक्रारीतला पुरुष होता. आम्ही तक्रार 'निकाली' काढली, माझीही सही त्यावर आहे. मालकाने नेमलेली समिती मालकाच्या माणसांविरुद्ध कितपत उभी राहील, ही शंका नवी नाही. विशाखा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती वर्मा यांच्याच समितीने जानेवारी २०१३ मध्ये अंतर्गत समित्यांऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरण सुचविले होते, आणि खोट्या तक्रारीबद्दल शिक्षेचे कलम नको असेही बजावले होते. सरकारने दोन्ही सूचना बाजूला ठेवल्या. जिच्या डोक्यावर बडतर्फीची तलवार टांगलेली आहे तिला तक्रारीचा अर्ज देऊन उपयोग नाही. कायम नेमणूक, मजुरी थेट तिच्या हाती आणि तक्रार चालू असताना काम न सुटण्याची हमी, या तीन गोष्टींशिवाय समिती म्हणजे भिंतीवरचा फलक.

आणि आपले घर? केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली असा निर्वाळा दिला की पक्ष आणि कार्यकर्ता यांच्यात मालक-नोकर नाते नसल्यामुळे राजकीय पक्षांवर अशी समिती नेमण्याचे बंधन नाही. कायद्याच्या शब्दांपुरते ते असेल. समाजवादी म्हणविणाऱ्या पक्षाने त्या आडोशाला उभे राहावे काय? शिबिरांत, दौऱ्यांत, युनियनच्या कचेरीत आपल्या साथी स्त्रियांना काही सोसावे लागत नाही, असे छातीवर हात ठेवून सांगणारा जिल्हा चिटणीस मला भेटायचा आहे. 'चळवळीची बदनामी होईल' या सबबीखाली किती गोष्टी मिटविल्या गेल्या, हे जुन्या कार्यकर्त्यांना विचारावे.

तेव्हा पुढील गळीत हंगामाचे बॉयलर पेटण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातील शाखेने तहसील कचेरीत लेखी विचारावे की येथील समन्वय अधिकारी कोण. त्याचे नाव आणि फोन नंबर कारखान्याच्या वजनकाट्यावर मोठ्या अक्षरांत लावून घ्यावा. कोयत्याच्या करारात बाईचे स्वतंत्र नाव आणि मजुरीचा तिचा वाटा तिच्या खात्यावर, ही मागणी ऊसतोड कामगारांच्या दरवाढीच्या मागणीपत्रात पहिल्या पानावर घ्यावी, शेवटच्या नव्हे. आणि पक्षाच्या राज्य कार्यकारिणीने बाहेरच्या सदस्यांसह, स्त्रियांचे बहुमत असलेली तक्रार समिती कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता नेमावी. येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालण्यासाठी मी चिटणीसांना पत्र पाठविले आहे.