दृष्टही काढावी, गोळीही घ्यावी

दृष्ट काढणाऱ्या बायकांना भोंदूबाबांच्या रांगेत बसवणारे पत्र वाचून वाईट वाटले. मला आमवात आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, न चुकता घेते. सांधे आखडले की सासूबाई मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकतात. त्याने सूज उतरत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण आयुष्यभराच्या दुखण्यात घरचे माणूस रोज विचारपूस करते, याचा आधार फार मोठा असतो. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही घरातले धार्मिक विधी वगळले आहेत; साप-विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचार अडवून मंत्रतंत्र करणे मात्र गुन्हा ठरवले आहे. औषध सोडायला सांगणारा मांत्रिक भेटला, तर वाचकांनी त्याची पोलिसांत तक्रार जरूर करावी.

– एक वाचक, सातारा