पाडकामाच्या शेजारी राहणाऱ्यांचे काय?

वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात डोंगराच्या माथ्यापासून खाली उतरत कोरले गेले. नको असलेला दगड आधी वरून काढायचा आणि खालचा आधार शेवटपर्यंत शाबूत ठेवायचा, ही त्या कारागिरांची रीत. इमारती पाडण्याविषयीची ‘आयएस ४१३०’ ही भारतीय मानक संहिताही पाडकाम वरच्या मजल्यापासून क्रमाक्रमाने खाली यावे, असेच सांगते. याच वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, छत्रपती संभाजीनगरच्या पडेगाव-मिटमिटा भागात, २०२५ च्या पावसाळ्यात जेसीबी यंत्रांचा ताफा उतरला, तेव्हा घाई मात्र वेगळीच होती.

या शहराला पाडापाडी नवी नाही. मे २०२२ मध्ये जिल्हा प्रशासनाने लेबर कॉलनीतील ३३८ सरकारी घरे जमावबंदी लागू करून जमीनदोस्त केली. जून २०२५ पासून महापालिकेने मुकुंदवाडी, जालना रोड, बीड बायपास, पैठण रोड असे एकेक रस्ते विकास आराखड्यातील रुंदीनुसार मोकळे करण्याची मोहीम घेतली. अनेकांनी यंत्रे येण्यापूर्वीच आपली बांधकामे स्वतःहून काढून घेतली. रस्ते रुंद झालेच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. ज्यांची घरे-दुकाने गेली, त्यांच्या मोबदल्याचा आणि पुनर्वसनाचा वादही जुना व गंभीर आहे. परंतु या दोन्हींच्या मध्ये एक तिसरा घटक आहे, ज्याची कोठेच नोंद होत नाही. तो म्हणजे शेजारी. त्याचे बांधकाम अधिकृत असते, त्याला नोटीस नसते. त्यामुळे त्याला कोणी काही सांगतही नाही. धूळ, कानठळ्या बसविणारा आवाज, भिंतीला गेलेली चीर आणि दारासमोरचा ढिगारा एवढे मात्र त्याच्या वाट्याला येते.

सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘बुलडोझर’ प्रकरणी दिलेल्या निकालात पंधरा दिवसांची पूर्वसूचना आणि पाडकामाचे चित्रीकरण बंधनकारक केले. रस्ता, पदपथ, नदी यांसारख्या सार्वजनिक जागांवरील अनधिकृत बांधकामांना यातून वगळण्यात आले. हा निकाल मुख्यतः ज्याचे बांधकाम पडते, त्याच्या हक्कांविषयीचा आहे. शेजाऱ्याला आधार शोधायचा, तर तो पर्यावरणाच्या नियमांतच शोधावा लागतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. राडारोड्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी ढिगाऱ्यामुळे रहदारी किंवा गटारे अडू नयेत, अशी जबाबदारी राडारोडा निर्माण करणाऱ्यावर टाकली. त्यांच्या जागी २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित होऊन अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. थोडक्यात, नियमांचा तुटवडा नाही. मोहिमेच्या दिवशी ते कोणाच्या हातात असतात, हा प्रश्न आहे.

काळजी घेतली तर काय साधते, हे नोएडात दिसले. २८ ऑगस्ट २०२२ रोजी तेथील सुमारे १०० मीटर उंचीचे जुळे मनोरे ३७०० किलो स्फोटकांनी काही सेकंदांत खाली आणण्यात आले. सर्वांत जवळची इमारत जेमतेम नऊ मीटरवर होती. आसपासच्या सुमारे पाच हजार रहिवाशांना सकाळीच हलविले होते, लगतच्या इमारतींवर जाड कापड पांघरले होते आणि शेजाऱ्यांच्या संभाव्य नुकसानीसाठी १०० कोटी रुपयांचा विमा उतरविला होता. शेजारच्या संकुलाची कुंपणभिंत काही मीटर पडली, काही काचा फुटल्या. मनुष्यहानी झाली नाही. हे काम मुंबईच्या एका कंपनीने दक्षिण आफ्रिकेतील तज्ज्ञांच्या साह्याने केले होते.

नोएडात तयारीला वर्षभराचा अवधी होता आणि खर्च विकसकाच्या माथी होता, रस्ता रुंदीकरणात तसे नसते, असा युक्तिवाद होईल. तो अंशतः खरा आहे. पण शेजाऱ्याला हवे असलेले बहुतेक उपाय फारसे खर्चिक नाहीतच. पहिला उपाय सामाईक भिंतीचा. जुन्या वस्त्यांत घरे एकमेकांना टेकून उभी असतात. एकाचा दर्शनी भाग कापला, की दुसऱ्याचा आधार जातो. आदल्या आठवड्यात अभियंत्याने लगतच्या घरांची पाहणी करून असलेल्या भेगांची छायाचित्रे घेतली, तर पुढे भरपाईचा वाद निकाली काढणे सोपे होते. जेथे भिंत जोडलेली आहे, तेथे यंत्राचा दात लावण्यापूर्वी हाताने कापून ती विलग करता येते. दुसरा उपाय धुळीचा. विटा व काँक्रीटच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांना घातक असते. टँकरने पाणी मारणे आणि हिरवी जाळी लावणे हे कोणत्याही ठेकेदाराला ठाऊक असलेले काम आहे.

तिसरा उपाय भूमिगत वाहिन्यांचा. नळाच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे दिवस मोजत बसलेल्या या शहरात एक जलवाहिनी फुटणे म्हणजे गल्लीतील शंभर घरांचे आठवड्याचे गणित कोलमडणे होय. यंत्र येण्यापूर्वी वीज व पाणी विभागाचा माणूस जागेवर हवा. चौथा उपाय वेळेचा. परीक्षा, रुग्णालये, सण पाहून तारीख ठरविणे आणि लगतच्या प्रत्येक घराला काम कधी सुरू होऊन कधी संपेल, तक्रार कोणाकडे करायची, हे लेखी कळविणे. त्या कागदावर एका जबाबदार अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक असला, तर निम्मा संताप तेथेच विरेल.

मुंबईत प्रभादेवीच्या जुन्या पुलाचे पाडकाम २०२५ मध्ये लांबणीवर पडले, ते प्रामुख्याने लगतच्या इमारतींतील रहिवाशांच्या विरोधामुळे. शेजाऱ्यांना विश्वासात न घेतल्यास काम वेगाने होते, ही समजूतच त्यामुळे खोटी ठरते.

आपल्याकडे मोहिमेचे यश दिवसभरात किती बांधकामे पडली, या आकड्याने मोजले जाते. त्याच्या जोडीला आणखी दोन आकडे जाहीर व्हावेत: किती दिवसांत ढिगारा उचलला आणि शेजाऱ्यांच्या किती तक्रारी निकाली निघाल्या. रस्ता उद्या वापरणाऱ्यांसाठी रुंद होतो. आज त्याच्या कडेला राहणाऱ्याचा श्वास कोंडू नये, एवढी काळजी घेणे महापालिकेला अवघड नाही.