सर, आम्ही नक्की कितीपैकी किती?

"तुम्हाला नोकरी देणार कोण?" हे वाक्य एकदाही न ऐकलेला विद्यार्थी आपल्या होस्टेलवर कुणी शोधून दाखवावा, त्याचं एका महिन्याचं मेस बिल माझ्याकडे लागलं! कधी वर्कशॉपमध्ये, कधी ओरलला, तर कधी अटेंडन्स कमी पडला म्हणून एचओडींच्या केबिनबाहेर ताटकळताना हे कानावर येतंच. सूर चिडलेला असतो, पण बऱ्याचदा पोटात काळजीही असते, हे मान्य. पण आमच्याबद्दलचं सरांचं हे मत आमच्यापर्यंत पोचतं ते असं, येता-जाता. कागदावर मात्र भलतंच काहीतरी असतं.

आता कागदाचंच बघा ना. २०१४ साली भारत वॉशिंग्टन करारात आला आणि एनबीएचं मानांकन मिळवायला कॉलेजं धावू लागली. तेव्हापासून प्रत्येक विषयाची कोर्स फाइल आली. विद्यार्थ्याला संवाद साधता येतो का, टीममध्ये काम जमतं का, नवीन गोष्ट स्वतःहून शिकता येते का, हे सगळं त्यात ३ पैकी मोजायचं असतं. म्हणजे नोकरीसाठी लागणारं जवळजवळ सगळं आलं की! मार्च-एप्रिलमध्ये स्टाफरूममध्ये डोकावलात तर मॅडम एक्सेल शीटमध्ये मान खाली घालून बसलेल्या दिसतील. समजा, शीटमध्ये संवादकौशल्य २.४ आलं. त्याच मॅडम दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणतात, "तुम्हाला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत." यातलं खरं काय समजायचं?

टर्मवर्कचंही तेच. वरच्या बॅचची जर्नल समोर ठेवून उतरवलेलं जर्नल, ग्राफसुद्धा त्यांचाच, आणि मार्क २५ पैकी २२. सरांना हे कळत नसेल असं मी तरी म्हणणार नाही. मार्क कमी दिले तर रिझल्ट पडतो, रिझल्ट पडला की वरून विचारणा होते, आणि अकरा महिन्यांच्या करारावर असलेल्या तरुण सरांना ती परवडत नाही. त्यांची अडचण समजते हो. पण तिचा हिशेब चुकता होतो तो आमच्या फायनल इयरला, कंपनीच्या पहिल्या टेक्निकल राउंडमध्ये.

बरं, "एम्प्लॉयेबल" कशाला म्हणायचं यावर स्टाफरूमचं तरी एकमत आहे का? जुने सर म्हणतात बेसिक कच्चं आहे. नवे म्हणतात कोडिंग येत नाही. टीपीओ म्हणतात इंग्रजी सुधारा, बाकी सगळं कंपनी शिकवते. आणि वर्तमानपत्रं आकडे फेकत असतात. २००५ च्या मॅकिन्सीच्या अभ्यासात भारतातले चारांत एकच इंजिनिअर बहुराष्ट्रीय कंपनीत घेण्याजोगे ठरले. २०१९ मध्ये अ‍ॅस्पायरिंग माइंड्सने ८० टक्के इंजिनिअर बिनकामाचे असल्यासारखंच सांगितलं. यातला पहिला आकडा आला होता एचआरवाल्यांच्या मुलाखतींतून आणि दुसरा स्वतःचीच परीक्षा विकणाऱ्या कंपनीकडून. ज्यांनी चार वर्षं आम्हाला समोर बसवून शिकवलं, त्यांना कुणी विचारलंच नाही! लातूरहून मराठी मीडियममधून आलेला पोरगा मोटर उघडून वाइंडिंग कुठे जळलंय ते हात लावून सांगतो, पण जीडीत तोंड उघडत नाही. हे एचआरला पंधरा मिनिटांत दिसणार नाही. लॅबमधल्या सरांना मात्र सेकंड इयरपासून माहीत असतं.

म्हणूनच मला त्यांचं मत हवंय. ते टोमणा म्हणून नको, आणि शीटमधलं गोड २.४ ही नको. चौथ्या सेमिस्टरच्या शेवटी प्रत्येक मेंटॉरने आपल्या वीस पोरांना दहा-दहा मिनिटं द्यावीत. तुला हे जमतं, हे जमत नाही, आणि अमुक कामाला तू आज चालशील की नाही, एवढं स्पष्ट सांगावं. साडेतीन-चार तास लागतील फक्त. कोर्स फाइलला याहून जास्त लागतात!

आणि पोरांनो, फार टाळ्या वाजवू नका. सेमिस्टर संपताना कोर्स फीडबॅकचा फॉर्म येतो, तो आपण कसा भरतो? एकाने भरायचा, बाकीच्यांनी झेरॉक्स मारल्यासारखं सगळीकडे "एक्सलंट". सरांच्या त्या गोड आकड्यात या "एक्सलंट"चाही वाटा असतो. सरांनी खरं सांगावं असं वाटत असेल, तर या मे महिन्यात येणारा फॉर्म तरी प्रत्येकाने स्वतः भरायला हवा. जे प्रॅक्टिकल झालंच नाही त्याच्यापुढे "झालं नाही" असं लिहायचं. नाव टाकायचं नसतं त्यावर, घाबरायचं काय त्यात?