विश्लेषण : थीम हॉटेलची दुनिया घरच्या सहलीला मानवते का?

सुट्टी जवळ आली की मोबाइलवर रील सुरू होतात. कुठे झाडावरची खोली, कुठे राजवाड्यातला मुक्काम, कुठे फेटेवाल्या मावळ्यांकडून तुतारीचे स्वागत. नुसती खोली देणारे हॉटेल आता जुने झाले. ‘अनुभव’ देणाऱ्या हॉटेलांचे दिवस आले आहेत. असा मुक्काम हौशी मंडळींना आवडतो, यात शंका नाही. पण आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना घेऊन निघालेल्या घराला, किंवा सहज दोन दिवस विसाव्याला आलेल्या पाहुण्याला, तो खरेच मानवतो का? वर्षाकाठी एकदाच सहलीचे पैसे बाजूला काढणाऱ्या घरांसाठी हा प्रश्न महत्त्वाचा आहे. हुरडा पार्टी किंवा कृषी पर्यटन केंद्र सुरू करण्याचा विचार करणाऱ्या परभणीकडच्या शेतकऱ्यासाठी तर तो अधिकच महत्त्वाचा आहे.

थीम हॉटेल म्हणजे नेमके काय?

भिंतीवर चार चित्रे लावली म्हणून हॉटेल ‘थीम’चे होत नाही. खरे थीम हॉटेल पाहुण्याला एका गोष्टीच्या आत नेते. इमारत, जेवण, कर्मचाऱ्यांचा पोशाख, त्यांची बोलण्याची ढब, दिवसभराचे कार्यक्रम, सगळे एकाच कल्पनेभोवती बांधलेले असते. पाहुणा तिथे नुसता बघ्या राहत नाही, त्या गोष्टीतले एक पात्र होतो.

यातही दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात थीम आजूबाजूला असते. वाटले तर सामील व्हा, नाहीतर खोलीत जाऊन पडा. दुसऱ्या प्रकारात थीम हाच मुक्काम असतो. तिथे ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी हजर राहिले नाही, तर पैसे वाया गेल्यासारखे वाटते. घरच्या सहलीचा बेत बहुधा या दुसऱ्या प्रकारात बिघडतो.

डिस्नेचे अंतराळयान का उतरवावे लागले?

या दुसऱ्या प्रकारचे जगातले सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील फ्लोरिडा येथे डिस्नेने उभारलेले ‘स्टार वॉर्स : गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’. मार्च 2022 मध्ये ते सुरू झाले आणि सप्टेंबर 2023 अखेर, म्हणजे जेमतेम दीड वर्षात, बंद झाले. खोल्या होत्या 100. मुक्काम दोन रात्रींचाच. सगळे पाहुणे एकाच दिवशी यायचे आणि एकाच दिवशी जायचे, जणू बोटीवरची सफर. खोलीला खरी खिडकी नव्हती. खिडकीच्या जागी पडदा होता आणि त्यावर अंतराळ दिसायचे. पाहुण्याने कोणत्या गटाची बाजू घेतली, कोणत्या पात्राशी काय बोलला, त्यावर त्याची गोष्ट पुढे सरकायची. त्यासाठी मोबाइलवरच्या ॲपवर निरोप यायचे, कामगिऱ्या मिळायच्या.

दर काय होता? चौघांच्या कुटुंबाला दोन रात्रींसाठी सुमारे 6 हजार डॉलर. त्या वेळच्या विनिमय दराने हे साधारण साडेचार लाख रुपये होतात. त्यात जेवण आणि डिस्नेच्या एका पार्कचा प्रवेश धरलेला होता, तरीही दोन रात्रींसाठी ही रक्कम अमेरिकेतल्या मध्यमवर्गालाही जडच होती.

गंमत म्हणजे जे गेले, त्यांच्यातले अनेक जण खूश होऊन परतले. स्टार वॉर्सची पात्रे, त्यांची वैरे, त्यांची जहाजे ज्यांना तोंडपाठ होती, त्यांच्यासाठी ते स्वप्नच होते. पण 100 खोल्या आठवड्यामागून आठवडे भरायला नुसते निस्सीम चाहते पुरत नाहीत. त्यासाठी ‘मुलाला आवडते म्हणून आलो’ म्हणणारे वडील लागतात, आणि ‘मला यातले काही कळत नाही, पण चला’ म्हणणारी आजी लागते. या माणसांना दोन दिवसांच्या भरगच्च वेळापत्रकात दम खायला जागा कुठे होती? पोहायला तलाव नाही, बाहेर डोकवायला खिडकी नाही, आणि एवढी रक्कम मोजल्यावर खोलीत निवांत झोपायला मन धजत नाही.

जपान आणि स्वीडन काय सांगतात?

जपानमध्ये नागासाकीजवळ 2015 साली ‘हेन ना’ हॉटेल उघडले. स्वागतकक्षात चक्क यंत्रमानव डायनासोर, सामान उचलायला यंत्रमानव, खोलीतही एक छोटी यंत्रबाहुली. लहान मुलांना याहून काय हवे? पण काही पाहुण्यांच्या घोरण्याला ती बाहुली प्रश्न समजायची आणि मध्यरात्री त्यांना उठवून ‘काय म्हणालात?’ अशा अर्थाचे विचारायची. यंत्रांनी माणसांचे काम वाचवण्याऐवजी वाढवलेच. अखेर 2019 मध्ये हॉटेलने आपल्या 243 यंत्रमानवांपैकी निम्म्याहून अधिक काढून टाकले. पहिल्या तासाला जी करमणूक वाटते, तीच रात्री दोन वाजता त्रास होऊ शकते. कारण हॉटेलचे पहिले काम झोप देणे हे आहे.

उलट उदाहरण स्वीडनचे. तिथल्या युकासयार्वी या गावात 1989 पासून दर हिवाळ्यात नदीच्या बर्फातून हॉटेल उभारले जाते. पलंगही बर्फाचा, खोलीतले तापमान शून्याखाली पाच अंश. यापेक्षा टोकाची थीम कोणती असणार? तरीही ते तीन दशकांहून अधिक काळ टिकून आहे. त्याचे एक कारण साधे आहे. शेजारीच उबदार खोल्या आहेत. बहुतेक पाहुणे एक रात्र बर्फात काढतात आणि बाकीच्या उबेत. गरम पाण्याची, स्वच्छतागृहाची सोय उबदार इमारतीत असते. ज्याला सोसत नाही, तो मध्यरात्रीही उठून उबेला येऊ शकतो. थीम कितीही कडक असो, तिच्यातून बाहेर पडायला एक दार उघडे ठेवलेले आहे.

महाराष्ट्रात काय चित्र आहे?

आपल्याकडे पूर्ण बुडवून टाकणारी थीम हॉटेले कमी आणि अर्ध्या वाटेवरची जास्त आहेत. घरच्या सहलीसाठी ही चांगलीच गोष्ट आहे.

सासवडजवळचा जाधवगड हे त्याचे ठळक उदाहरण. पिलाजी जाधवराव यांनी 1710 मध्ये बांधलेल्या या गढीचे विठ्ठल कामत यांनी हेरिटेज हॉटेल केले. मराठेशाहीचा थाट स्वागतापासून जाणवतो, पण इतिहास पाठ नसलेल्या पाहुण्याचेही तिथे काही अडत नाही. ज्याला रस आहे त्याने संग्रहालय पाहावे, ज्याला नाही त्याने तटबंदीवरून संध्याकाळ पाहावी. मात्र गढी म्हटली की चढउतार आलेच, हे गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच धरून चालावे.

पुण्याजवळ वाघोलीच्या बाजूला ‘चोखी ढाणी’ आहे. राजस्थानी खेड्याचा देखावा, लोकनृत्ये, कठपुतळ्या आणि भरपेट जेवण. संध्याकाळी तिकीट काढून जायचे आणि रात्री घरी यायचे. कंटाळा आला तर नुकसान एका संध्याकाळचे. खोपोलीचे ‘इमॅजिका’ 2013 पासून सुरू आहे. तिथे दिवसभर पार्कची धमाल आणि रात्री शेजारच्या नेहमीच्या हॉटेलात झोप, अशी विभागणी आहे. हैदराबादची रामोजी फिल्म सिटी तर मराठवाड्यातल्या शाळांच्या सहलींना ठाऊकच आहे. तिथेही चित्रपटनगरी दिवसा पाहायची आणि मुक्काम आपल्या खिशाप्रमाणे निवडायचा.

या सगळ्यांत एक धागा समान आहे. थीमचा डोस पाहुणा स्वतः ठरवतो.

पिंगळीच्या माणसाला ‘गावाची थीम’ कशाला?

परभणी-पूर्णा लोहमार्गावरच्या पिंगळीतले एक घर डोळ्यांसमोर आणा. आजी-आजोबा, आई-वडील, दहावीतला मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. या सहा जणांना एका ‘गावरान’ रिसॉर्टमध्ये नेले. तिथे बैलगाडीची फेरी, चुलीवरची भाकरी आणि बाजेवरची झोप. आजोबा काय म्हणतील? ‘यासाठी पैसे दिले?’ ज्या चुलीच्या धुराने आजीचे डोळे आयुष्यभर चुरचुरले, तिच्यासमोर फोटो काढून घेण्यात तिला कसली हौस? पण हीच बाज आणि हीच चूल पुण्यात वाढलेल्या त्यांच्या भाचीला नवी दुनिया वाटेल. थीम कुणाची तरी आठवण असते किंवा कुणाचे तरी स्वप्न. ते आपले नसेल तर तो नुसता महागडा देखावा.

म्हणून परभणीच्या बाबतीत हा प्रश्न उलट बाजूनेही पाहावा लागतो. इथली माणसे पाहुणे म्हणून कुठे जातील एवढेच नव्हे, तर इथे पाहुणे कशासाठी येतील? राज्य सरकारने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले. किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्यालाही पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून केंद्र सुरू करता येते. त्याआधी, 2005 च्या सुमारास, बारामतीजवळच्या पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाचा प्रयोग करून दाखवला होता. परभणी तर ज्वारीचा मुलूख. 1972 साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ इथेच आहे आणि हुरड्यासाठीचे ‘परभणी वसंत’ हे वाणही त्याच विद्यापीठाचे. आगटी पेटली, कणसे भाजली, तळहातावर चोळून गरम हुरडा पुढ्यात आला, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि ताक असले, की वेगळी थीम उभारायची गरजच उरत नाही. ती शेतात उभीच आहे.

धोका वेगळाच आहे. शहरातल्या रिसॉर्टचे पाहून शेतकरी सिमेंटचा बैल उभा करतो, खोटा वाडा बांधतो, प्रवेशद्वारावर कमान उभारतो, आणि स्वच्छतागृहाचा विचार सगळ्यात शेवटी करतो. पाहुण्यांतली आजी, गरोदर लेक, तान्ह्या बाळाची आई बैलाचा पुतळा पाहून परत येत नाही. ती परत येते स्वच्छ संडास, सावली, प्यायचे चांगले पाणी आणि दुपारी पाठ टेकायला जागा मिळाली तर. हुरड्याचा हंगाम थंडीच्या मोजक्या आठवड्यांचा. तेवढ्या दिवसांच्या कमाईवर कर्ज काढून देखावा उभा करणे म्हणजे डिस्नेची चूक बांधावर करण्यासारखे आहे. फरक एवढाच की डिस्नेला तोटा ताळेबंदात मांडता आला. शेतकऱ्याला तो सातबाऱ्यावर चढवावा लागेल.

मग थीम पातळ करायची का?

हौशी मंडळींचा एक आक्षेप रास्त आहे. अर्धे लोक मावळ्याच्या वेशात आणि अर्धे बर्मुड्यात मोबाइल बघत बसलेले, अशाने वातावरण मोडते. ज्याने मन लावून पैसे मोजले त्याच्या रंगाचा बेरंग होतो. हे खरे आहे. पण त्यावरचा उपाय सगळ्यांना सक्तीने वेश चढवणे हा नाही. जागा आणि वेळ वाटून देणे हा आहे. संध्याकाळचे दोन तास रंगमंच पूर्ण रंगू द्या, तिथे मोबाइल खिशात ठेवायला सांगा; बाकीचा दिवस मोकळा ठेवा. आपल्या जत्रेत नेमके हेच होत आले आहे. पालखीच्या वेळी सगळे पालखीपाशी. बाकी दिवसभर कुणी पाळण्यात, कुणी कुस्तीच्या फडात, कुणी झाडाखाली शिदोरी सोडून बसलेले. तीन पिढ्या एकाच जत्रेत सुखाने नांदतात, कारण कुणालाच पूर्ण वेळ पात्र व्हावे लागत नाही.

आरक्षणापूर्वी काय विचारावे?

रीलमध्ये दिसत नाही ते फोनवर विचारून घ्यावे :

• कार्यक्रमात भाग घेतला नाही तर दर कमी होतो का? निदान बसून आराम करायला जागा आहे का?
• खोलीपर्यंत पायऱ्या किती? कमोड आहे का?
• लहान मुलांचे आणि ज्येष्ठांचे जेवण थीमबाहेर मिळते का? साधा वरणभात रात्री नऊला मिळेल का?
• कार्यक्रमांचा आवाज किती वाजेपर्यंत असतो?
• मुलांचा दर कोणत्या वयापासून पूर्ण लागतो?
• बेत रद्द झाला तर किती पैसे परत मिळतात?

उत्तरे टाळाटाळीची आली, तर पहिल्यांदा जाताना मुक्काम टाळून एका दिवसाची भेट घ्यावी. दिवस आवडला तर पुढच्या वर्षी रात्र काढता येते.

सारांश काय?

थीम हॉटेल कुटुंबासाठी वाईट, असे सरसकट म्हणता येणार नाही. सहा जणांच्या घरात एकाला गोष्टीत बुडायचे असते, दुसऱ्याला काठावर बसायचे असते आणि तिसऱ्याला फक्त झोपायचे असते. ज्या ठिकाणी तिघांनाही आपापली जागा मिळते, तिथेच घर घेऊन जावे. हॉटेल चालवणाऱ्यांनीही देखाव्यावर पहिला रुपया खर्च करण्यापूर्वी पाहुण्याला त्या देखाव्यातून केव्हाही उठून जाता येईल का, हे तपासावे. पिंगळीच्या शिवारात उद्या कुणी हुरड्याचे केंद्र उघडले, तर त्याने कमानीआधी संडास बांधावा आणि बैलाच्या पुतळ्याआधी चार झाडे लावावीत. आगटीभोवती गर्दी आपोआप जमेल.