धूर पाहिल्या पाहिल्या पंप उघडू नका

तुमच्याकडे जुनी ४०७ असेल, आयशर असेल, नाहीतर पाण्याचा टँकर असेल. त्या गाडीवर घर चालतं. उत्तनची मासळी बाजारात पोचवायची, भाईंदरच्या कारखान्यातली स्टीलची भांडी गोडाऊनला टाकायची, काशिमिऱ्याला विटा उतरवायच्या. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाचं भाडं बुडतं. हप्ता मात्र थांबत नाही.

अशी गाडी धूर सोडायला लागली किंवा चढाला दम टाकायला लागली, की भेटेल तो एकच सांगतो, "पंप गेला." हे ऐकून लगेच पैसे मोजू नका. पंप जातो, नाही असं नाही. पण तो शेवटी बघायचा. आधी टाकी, मग डिझेल फिल्टर, मग पाइप, मग हवेचा फिल्टर. स्वस्तातलं आधी, महागातलं नंतर.

मी हे पैसे घालवून शिकलो. माझी गाडी काशिमिऱ्याहून ठाण्याला जाताना गायमुखच्या चढावर बंद पडायची. दहा मिनिटं उभी केली की पुन्हा सुरू. थोडी पुढे गेली की पुन्हा बंद. एका गॅरेजवाल्याने पंप उतरवला, नोझल बदलले, बिल हातात ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याच चढावर गाडी पुन्हा उभी! शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने टाकी उतरवून रिकामी केली. आत फडक्याचा बोळा निघाला. टाकीचं झाकण चोरीला गेलं होतं आणि ड्रायव्हरने तोंडाला फडकं कोंबलं होतं. त्याचा तुकडा आत पडला होता. गाडी डिझेल ओढायची तेव्हा तो पाइपच्या तोंडाला चिकटायचा. गाडी बंद झाली की सुटून तरंगायचा. झाकण दोन-तीनशे रुपयांचं होतं.

म्हणून गाडी चालून बंद पडते आणि थोडा वेळ थांबली की परत चालते, असं होत असेल तर आधी टाकीकडे जा. झाकण काढून बघा. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. तार घालून साफ करा. खर्च शून्य.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गाडीत ओढ नाही, आणि धूरही नाही, तर इंजिनाला डिझेल पुरत नाही. गाडीत ओढ नाही, पण मागे काळा धूर आहे, तर डिझेल पोचतंय, ते नीट जळत नाही. पहिल्यात टाकी, चाळणी, डिझेल फिल्टर आणि टाकीतून डिझेल ओढणारा छोटा फीड पंप बघायचा. दुसऱ्यात हवेचा फिल्टर आणि नोझल. एवढं तुम्हाला कळलं तरी गॅरेजमध्ये तुम्हाला कोणी सहज फिरवणार नाही.

डिझेल पुरत नसेल तर फिल्टर किती महिन्यांपूर्वी बदलला ते आठवा. आठवत नसेल तर बदलून टाका. बऱ्याच जुन्या गाड्यांना दोन फिल्टर असतात. लोक एकच बदलतात. फीड पंपाला छोटी जाळी असते, तीही काढून डिझेलमध्ये धुवा.

त्यानंतर हवा. मिस्त्री म्हणतात ना, "गाडी एअर घेते." टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात डिझेल ओढलं जातं. तिथे बारीक चीर असली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून पाइप कोरडा दिसतो आणि दोष सापडत नाही. आपल्याकडे खाडी आणि समुद्राची खारी हवा आहे. लोखंडी पाइप क्लिपखाली गंजतो, रबरी पाइप कडक होऊन तडकतो. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता लावा आणि इंजिन चालू ठेवून बघा. बुडबुडे दिसले तर चोर सापडला. सांध्यावरचे तांब्याचे वॉशर जुने वापरू नका. नवा वॉशर चहाच्या पैशात येतो.

हवा काढणं अवघड नाही. आधी टाकीत पुरेसं डिझेल घाला. फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करा. हँड पंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सरळ धार. धार आली की हँड पंप मारता मारताच स्क्रू आवळा. मग हेच मोठ्या पंपावरच्या स्क्रूला करा. मग सेल्फ मारा, पण एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नाही. मध्ये मिनिटभर थांबा. नाहीतर हवा निघेल, पण बॅटरी आणि सेल्फ दोन्ही जातील.

गाडी सुरू होत नाही म्हणून हवेच्या पाइपाशी पेट्रोलचं फडकं धरणारे लोक आहेत. तसं करू देऊ नका. इंजिन एकदम ठोकतं, रिंगा तुटतात, कधी आग तोंडावर येते. पाच मिनिटं वाचवायला गेलेला माणूस महिनाभर दवाखान्यात बसतो.

आता धुराच्या रंगाकडे या.

काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. म्हणजेच तुमचे पैसे. भरलेली गाडी वरसावे पुलाच्या चढाला लागली, गिअर टाकला आणि एक काळा फुगा निघाला, तर जुन्या गाडीला तेवढं चालतं. धार लागली तर चालत नाही. पहिल्यांदा हवेचा फिल्टर काढून उजेडासमोर धरा. आपल्या भागात बांधकामं आणि मेट्रोची कामं चालली, सिमेंटची धूळ किती खाल्ली त्याने! घोडबंदर रोडवर तासतास रांगेत पुढच्या गाडीचा धूरही त्यानेच घेतला. टर्बो असेल तर त्याचे रबरी पाइप आणि क्लिपा हाताने हलवून बघा, इंजिन बंद आणि थंड असताना. फाटलेल्या पाइपातून हवा बाहेर जाते आणि मागे काळा ढग उठतो. हे सगळं ठीक असेल तर मग नोझल. नोझलने डिझेलचा बारीक फवारा करायचा असतो. ते थेंब टाकायला लागलं की धूर येतो. नोझल काढून मशिनवर तुमच्यासमोर तपासून घ्या. फवारा डोळ्यांनी दिसतो, त्यात समजण्यासारखं काही अवघड नाही.

काळ्या धुराचं आणखी एक कारण माणसाचंच असतं. "पिकअप वाढवून देतो," म्हणत कोणीतरी पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवतो. चार दिवस गाडी पळते. मग डिझेल जास्त पिते, इंजिन तापतं, पिस्टनवर येतं. सील तुटलेलं दिसलं तर समजा, कोणाचा तरी हात लागलाय. पंप बेंचवर चढवून माप बरोबर लावून घ्या.

पांढरा धूर पहाटे पहिल्यांदा गाडी चालू केली की थोडा येतोच. इंजिन गरम झालं की गेला पाहिजे. गेला नाही, आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असेल, तर टायमिंग चुकलंय, नोझल गळतंय किंवा कॉम्प्रेशन उतरलंय. वास नसेल आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होत असेल, तर पाणी इंजिनात जातंय. अशी गाडी "आजची फेरी मारून घेतो" म्हणून काढू नका. हेड गॅस्केटवर भागणारं काम ब्लॉकपर्यंत जातं.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. रिंगा, वॉल्व्हचे सील, नाहीतर टर्बो. इथे पंपावर एक रुपया घालवू नका. आधी दांडी काढून ऑइलची पातळी बघा. कधी कधी ऑइल जास्त भरलं म्हणूनही निळा धूर येतो. आणि दांडीवर पातळी आपोआप वाढलेली दिसली तर? ऑइल काही स्वतःहून वाढत नाही. त्यात डिझेल उतरतंय किंवा पाणी. डिझेलचा वास येईल, किंवा ऑइल दुधाळ दिसेल. गाडी तिथेच थांबवा.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. आपल्याकडे एका पावसात रस्ता गुडघाभर भरतो, पण टाकीत पाणी जायला तेवढंही लागत नाही. रात्रभर अर्धी टाकी उभी राहिली की आतल्या हवेतलं पाणी पत्र्यावर धरतं आणि खाली उतरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. म्हणून जून ते सप्टेंबर संध्याकाळी टाकी भरून गाडी लावा. आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी हलवायच्या आधी, फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं काढा. खाली पाण्याचा वेगळा थर दिसला तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. पंपाच्या आतला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट केसाच्या विसाव्या भागाहून कमी असते. त्याला वंगण डिझेलचंच. तिथे पाणी गेलं तर गंज चढतो. रस्त्याच्या कडेला धुळीत पंप उघडू नका म्हणतो, तेही या बारीक फटीमुळेच.

काढलेलं डिझेल गटारात ओतू नका. आपली गटारं खाडीला जातात. पाण्याच्या बाटलीत तर मुळीच ठेवू नका, घरात मुलं आहेत.

स्वस्त डिझेलचा मोह सगळ्यांना होतो. हायवेला कुठेतरी ड्रममधून मिळतं, लिटरमागे चार पैसे कमी. त्यात रॉकेल असतं, कधी काय असतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्या धंद्याचं तोंड आपण एकदा बघितलंय. मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे तेलाची भेसळ पकडायला गेले आणि त्यांना जिवंत जाळलं. चार पैसे वाचवायला आपण कोणाकडे जातोय, एवढं आठवा. रॉकेलने वंगण कमी होतं आणि पंप खाल्ला जातो, तो हिशेब वेगळाच.

पेट्रोल पंपावर शंका आली तर घनता मोजून दाखवायला सांगा. माप कमी वाटलं तर पाच लिटरच्या मापाने मोजून मागा. तुमचा तो हक्क आहे, त्यात भांडण नाही. पावती जपून ठेवा. एका पंपावर भरल्यापासून धूर सुरू झाला असेल, तर ते पावतीवरूनच कळेल.

मिस्त्रीकडे जाताना चार ओळी लिहून न्या. धूर कुठल्या रंगाचा, थंड असताना की गरम, चढाला की उभ्या गाडीला, फिल्टर कधी बदलला. चांगला मिस्त्री हे विचारतोच. न विचारता पाना उचलणाऱ्याला थोडं थांबवा. बदललेले जुने भाग परत मागून घ्या.

मिस्त्री चालू इंजिनावर एकेका नोझलचा नट सैल करून बघतो. नट सैल केला तरी आवाज बदलला नाही, तर तो सिलिंडर काम करत नाही. नट सैल केल्यावर धूर गेला, तर तेच नोझल खराब. चाचणी जुनी आणि खरी आहे, पण ती त्याला करू द्या. त्या पाइपातला दाब टायरच्या हवेच्या पंचवीस पटींहून जास्त असतो. बोटाने गळती शोधू नका, पुठ्ठा धरा. धार कातडीतून आत जाते. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, आत बोट सडतं. तसं झालं तर दुखायची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात जा आणि "डिझेल दाबाने आत गेलंय" असं स्पष्ट सांगा. नव्या कॉमन रेलच्या गाड्यांत हा दाब हजार बारच्या वर जातो. तिथे चालू इंजिनावर कुठलाही नट सैल करायचा नाही, मिस्त्रीनेही नाही.

पहाटे सोसायटीखाली गाडी गरम करत ठेवणाऱ्यांना एक विनंती. पहिल्या मजल्यावर खिडकीशी कोणाचं तरी तान्हं झोपलेलं असतं. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१२ मध्येच ठरवून सांगितलंय. जुन्या इंजिनाला मिनिट-दोन मिनिटं पुरतात. मग हळू चालवत न्या, चालता चालता ते गरम होतं. बंद गाळ्यात तर इंजिन चालू ठेवूच नका.

पीयूसीचं राहिलं. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला ते दर ६ महिन्यांनी काढावं लागतं. धुराच्या गुन्ह्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे आणि लायसन्सही ३ महिने अडकू शकतं. पैसे देऊन कागद घेतला तर गाडी डिझेल तेवढंच पिणार. हवेचा फिल्टर साफ करून, ऑइल बघून जा. घरून थेट थंड गाडी नेऊ नका. दहा-पंधरा किलोमीटर चालवून, इंजिन गरम असतानाच मशिनला लावा. आकडा आला की वहीत तारखेसकट लिहा. पुढच्या वेळी तो वाढला, तर धूर डोळ्यांना दिसायच्या आधीच तुम्हाला कळेल.