गच्चीची किल्ली आणि १३७ मेगाहर्ट्झ

फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हटला की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘काय करायचं’ हा नसतोच. ‘कुठून आणायचा’ हा असतो. दुकानात सगळं तयार मिळतं : मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, दोन सेन्सर, एक एलसीडी आणि वर स्पायरल बाइंडिंग केलेला रिपोर्ट. व्हायवाला एलईडी लुकलुकला की एक्स्टर्नल सही करून मोकळे. यात सगळा दोष पोरांचा आहे असं मला वाटत नाही. ज्या प्रोजेक्टचं उत्तर आधीपासून सगळ्यांना पाठ आहे, तो विकत मिळणारच.

म्हणून माझं म्हणणं असं की ईएनटीसीच्या निदान दोन-तीन ग्रुपना उपग्रहाचा सिग्नल पकडण्याचा प्रोजेक्ट द्यावा. तो स्वस्त आहेच, पण खरं कारण ते नाही. तो विकत आणता येत नाही, हे आहे.

आधी खर्चाचं उरकून टाकू. टीव्ही बघण्यासाठी निघालेला एक यूएसबी डोंगल असतो, त्यात आरटीएल२८३२यू नावाची चिप. २०१२ साली हौशी मंडळींच्या लक्षात आलं की ही चिप सिग्नलचे कच्चे सॅम्पल थेट कॉम्प्युटरला देऊ शकते. झालं, गरिबाचा सॉफ्टवेअर रेडिओ तयार! अँटेना म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन कांड्या, प्रत्येकी सुमारे ५३ सेंटीमीटर, १२० अंशांत व्ही आकारात आडव्या. वायरिंगच्या दुकानातला स्क्रूचा कनेक्टर, थोडी कोअ‍ॅक्स, पीव्हीसीचा पाइप. जी-प्रेडिक्ट आणि सॅटडंप ही सॉफ्टवेअरं फुकट. चौघांनी वर्गणी काढली तर एका बर्थडे पार्टीच्या खर्चात बसतं.

आता खरी गंमत. रशियाचे मेटिऑर-एम हे हवामान उपग्रह सुमारे ८२० किलोमीटरवरून १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चित्रं पाठवतात. कांड्या ५३ सेंटीमीटरच का? तरंगलांबी काढा, चारने भागा, थोडं कमी करा. उपग्रह थेट डोक्यावर असतानासुद्धा पाथ लॉस १३३ डेसिबलच्या घरात जातो, आणि तरीही चित्र येतं! ‘लिंक बजेट’ हा सात मार्कांचा प्रश्न आपण सगळ्यांनी पाठ करून लिहिलाय. इथे तो गच्चीवर भेटतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक १४५.८ मेगाहर्ट्झवर बोलत असलं तर येताना ते जवळजवळ साडेतीन किलोहर्ट्झ वर ऐकू येतं आणि जाताना तेवढंच खाली. स्क्रीनवर डॉप्लरची ती वाकडी रेघ उमटते. त्या रेघेवरून स्थानकाचा वेग काढून दाखवा म्हटलं, की कोणी गाइड वाचलाय आणि कोणी समजून घेतलाय ते पाच मिनिटांत कळतं.

शिवाय हॉस्टेलचे एलईडी दिवे, स्वस्तातले चार्जर, शेजारचा एफएमचा टॉवर हे सगळे सिग्नलमध्ये कचरा टाकतात. कोणता कचरा कुणाचा, हे शोधण्यातच एक सबमिशन निघेल.

कॉपीचं काय? तर ऐका. वर्षानुवर्षं या प्रोजेक्टचा ठरलेला साचा होता : अमेरिकेचे नोआ-१५, १८ आणि १९, आणि त्यांची सोपी अ‍ॅनालॉग चित्रं. हे तिन्ही उपग्रह २०२५च्या जून ते ऑगस्टमध्ये कायमचे बंद केले गेले. म्हणजे सीनियरचा रिपोर्ट उचलून ‘आम्ही परवा नोआ-१९ घेतला’ असं लिहिणारा जागच्या जागी सापडला! मेटिऑरचा सिग्नल डिजिटल, त्यामुळे डिमॉड्युलेशनचा अख्खा चॅप्टरच बदलतो. दर थोड्या वर्षांनी स्वतःच शिळा होणारा प्रोजेक्ट कॉलेजला दुसरा कुठला मिळणार?

हे नुसते पोरखेळ आहेत असं वाटणाऱ्या सरांसाठी एक उदाहरण. १९६६ साली इंग्लंडमधल्या केटरिंग ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी हे फिजिक्सचे शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांबरोबर सोव्हिएत उपग्रह ऐकत बसायचे. एका उपग्रहाची कक्षा नेहमीच्या तळाशी जुळेना. त्या हिशोबातून प्लेसेत्स्कचा गुप्त प्रक्षेपण तळ जगापुढे आला. सोव्हिएत सरकारने तो उघड मान्य केला १९८३ साली. म्हणजे शाळेच्या पोरांनंतर सतरा वर्षांनी!

आपल्याकडेही २०१६मध्ये पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयं’ आणि मुंबई आयआयटीचा ‘प्रथम’ वर गेले. इतर कॉलेजांनीही ग्राउंड स्टेशन उभारून ‘प्रथम’चा सिग्नल घ्यावा, ही त्या प्रकल्पातली कल्पनाच होती. उपग्रह बनवायला कोटी लागत असतील, ऐकायला नाही लागत. (ऐकायला म्हणतोय. स्वतः प्रक्षेपण करायचं तर हॅमचा परवाना हवा, तिथे हुशारी नको.)

अडचणी दोन. पहिली, ‘याचं आउटपुट काय?’ हा व्हायवातला प्रश्न. आउटपुट म्हणजे ढगांचं फोटोकॉपीसारखं चित्र, कधीकधी अर्धंच. एखादा पास हुकतो, एखाद्या दिवशी नुसता खरखराट. त्या खरखराटाचं कारण नीट मांडलं तर त्यालाही मार्क मिळाले पाहिजेत, आणि हे डिपार्टमेंटने जुलैतच सांगून टाकावं.

दुसरी अडचण गच्चीची. आपल्या हॉस्टेलची गच्ची रात्री कुलूपबंद असते आणि स्थानकाचा पास साडेअकरालाही असू शकतो. रेक्टर सरांची काळजी मी समजू शकतो. पण पासची वेळ आठवडाभर आधी मिनिटापर्यंत कळते. ती छापून वॉचमनकाकांकडे द्यावी, रजिस्टरमध्ये नावं लिहावीत आणि किल्ली घ्यावी. पास संपतो दहा-बारा मिनिटांत. सामान आवरायला अजून दहा धरा. त्यानंतरही कोणी वर रेंगाळताना दिसला तर खुशाल मेमो द्या.